रेवणप्पांचा राजीनामा

अमक्यानं राजीनामा दिला असं रेडिओवर सांगितलं की मला हसू येतं. घरातली म्हणतात, एवढा मोठा माणूस खुर्ची सोडून चालला आणि म्हातारा दात काढतोय. आता त्यांना काय सांगू? तो शब्द कानावर पडला की माझ्यापुढं रेवणप्पा उभे राहतात. धोतरावर गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कानावर बोरू आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी चांगली बातमी सांगितल्याचा भाव. बातमी वाईट असली तरी चेहरा तोच.

निजामाच्या राज्यातली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली, आमची एका तालुक्याची कचेरी. गावाचं नाव घेत नाही. तिथल्या लोकांची नातवंडं अजून तिथंच आहेत, उगीच कुणाला राग नको. मी मूळचा परंड्याचा. घरात दखनी, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू, असा वाढलेलो. कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा रेवणप्पा तिथं नकला करायच्या कामावर होते. वरून आलेला हुकूम, खालून आलेला अर्ज, जे असेल त्याच्या दोन-तीन हुबेहूब नकला काढायच्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना आप्पा म्हणायचो, ते मला दस्तगीरभाई.

सगळा कारभार उर्दूत. आणि आप्पांचं अक्षर असं, की हैदराबादेहून आलेले साहेब लोक कागद हातात घेऊन नुसते बघत राहायचे. ओळी सरळ, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, जागच्या जागी, कुठं खाडाखोड न्हाय. नव्या माणसाला वाटायचं, हा कुणीतरी मोठा मुन्शी असणार.

आप्पांना उर्दू येत नव्हतं.

हे मला सुद्धा महिनाभरानं कळलं. एक दिवस त्यांच्या पाठीमागं उभा राहिलो आणि बघतो तर काय, हा माणूस ओळ डावीकडून सुरू करतोय. उर्दू उजवीकडून डावीकडं लिहितात हे शेंबड्या पोराला माहीत. आप्पा ओळीच्या शेवटच्या अक्षरापासून निघून उलटे उलटे पहिल्या अक्षरापर्यंत येत होते. आणि ओळ पुरी झाली की मूळ कागदात आणि त्यांच्या कागदात केसाचा फरक न्हाय.

"आप्पा, हे काय करताय?"

"नक्कल."

"पण उलटी?"

"गावाला जायाला दोन वाटा असत्यात, दस्तगीरभाई. मी खालच्या वाटंनं येतो. पोचल्याशी कारण."

"मग वाचता कसं?"

"वाचायचं न्हाय," ते गंभीर होऊन म्हणाले. "वाचलं की चुकतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाचलं की चुकतं. नक्कल करणाऱ्यानं मजकुरात डोकं घातलं की हात आपल्या मनाचं लिहायला लागतो, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि खरं सांगू का, त्यात अगदीच काही खोटं नव्हतं. चूक असली तर ते चुकीचीसुद्धा हुबेहूब नक्कल करायचे. अक्षरं मोजायचे ती कानडीत, ओठांतल्या ओठांत, ओंदु, एरडु, मूरु. आईकडून आलेली कानडी, गावची मराठी आणि पोटापाण्याची उर्दू, अशा तीन भाषा त्या एका शेरवानीत होत्या. उर्दू मात्र नुसती बोटांत होती, तोंडापर्यंत आली नव्हती. तोंडात दोनच शब्द, "जी हुजूर" आणि "बजा है", म्हणजे बरोबर आहे. एवढ्यावर त्यांनी सहा वर्षं काढली होती.

ते तामलवाडीचे. तामलवाडी आमच्या राज्याच्या अगदी काठावर, पलीकडं इंग्रजांचं सोलापूर. आप्पा मामाकडं राहून सोलापुरात मराठी शाळा शिकले आणि नोकरीला इकडं आले. इकडचा कायदा असा, की उर्दू मादरी जबान, म्हणजे मातृभाषा, नसलेल्या नोकरानं उर्दूचा इम्तिहान पास केल्याशिवाय त्याला मुस्तकिल, म्हणजे कायम, करायचं न्हाय. कायम नसलेल्याला कधीही घरी पाठवता येतं.

आणि आप्पांचं लग्न झालेलं. सासऱ्यांनी लग्नातच शब्द घेतला होता, नोकरी कायम झाल्यावरच पोरीला बिऱ्हाडाला न्यायचं, आज इथं उद्या तिथं अशी फरफट नको. सासऱ्यांना वाटलं असेल वर्षाचा प्रश्न आहे. सहा वर्षं झाली. गंगव्वावहिनी तामलवाडीत आणि आप्पा माझ्या शेजारच्या खोलीत स्वतःच्या हातानं भाकरी थापतायत. आमची सुट्टी जुम्म्याची. जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, कचेरी सुटली की आप्पा गावाकडं निघायचे आणि शनिवारी सकाळी शेंगाची चटणी नि दशम्या घेऊन हजर. वहिनींनी माहेराहून जातं आणलं होतं. सासूचं जातं चालू असताना घरात दुसरं कशाला मांडायचं, म्हणून ते गोणपाटात बांधून ठेवलेलं. दर जुम्म्याला त्या विचारायच्या, "झालं का हो तुमचं उर्दू?" आणि आप्पा म्हणायचे, "हुतंय." हे मला आप्पांनीच सांगितलं, तोच चेहरा करून. पण ते सांगताना बोरूचं टोक नखानं खरवडत बसले होते, तेवढं माझ्या लक्षात आलं.

आता इम्तिहानाबद्दल बोलतो. तालुक्यातल्या अशा नोकरांना शिकवायला गफूर मुन्शी होते. माणूस मेणासारखा मऊ, पण पुस्तक वरून नेमून दिलेलं. त्यात पहिल्या पानापासून बुलबुल. बुलबुल गुलाबाला काय म्हणाली, गुलाब बुलबुलला काय म्हणाला. समोर बसलेले कोण, तर मोजणीचा कारकून, कोंडवाड्याचा शिपाई आणि आप्पा. सकाळी कचेरीच्या आधी लिंबाखाली वर्ग भरायचा.

एकदा आप्पांनी हात वर केला. "मुन्शीजी, सहा साल झाले, ही बुलबुल आपल्या कचेरीत एकदा तरी आली का हो? तिचं काम काय? मला बांध कोरला ते उर्दूत सांगा. बैल हरवला ते सांगा."

मुन्शी म्हणाले, "आप्पा, बैल इम्तिहान में नहीं आता."

"आनि बुलबुल बांधावर येत न्हाय," आप्पा म्हणाले आणि परत अक्षर काढायला लागले.

हेच तर दुखणं होतं. ज्याला शिकायचंय त्याचं काम एक, आणि ज्याला परीक्षा घ्यायचीय त्याच्या डोक्यात दुसरंच. नकलेच्या पर्च्यात आप्पांना पैकीच्या पैकी. इमला, म्हणजे कुणी सांगितलेलं ऐकून लिहायचं, त्यात शून्य. साहजिकच आहे. जो ओळीच्या शेवटापासून लिहितो त्याला ओळ संपेपर्यंत सुरुवातच करता येत न्हाय. तोंडी परीक्षेला एकदा मुमतहिनसाहेबांनी, म्हणजे परीक्षकांनी, विचारलं, "बहार के मौसम के बारे में कुछ कहिये." बहार म्हणजे वसंत. आप्पांनी खिडकीतून डोकावून बघितलं आणि सांगितलं, "बाहर का मौसम अच्छा है हुजूर, धूप बहुत है." नापास.

तरी वर्षामागून वर्ष निभत होतं. कारण अक्षर बघून प्रत्येक तहसीलदार म्हणायचा, राहू द्या. मग हैदराबादेहून नवे तहसीलदारसाहेब आले. मोठे खानदानी, पानाचा डबा सोबत, आवाज हळू. त्यांनी एकेकाला बोलावून घरची विचारपूस सुरू केली. आप्पांची पाळी आली तेव्हा मी तिथंच मिसली, म्हणजे कामाच्या फायली, लावत होतो.

साहेबांनी विचारलं, "आपके वालिद का इंतकाल हो गया?"

इंतकाल म्हणजे मृत्यू. पण आमच्या कचेरीत जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढली की त्यालाही इंतकालच म्हणायचे, आणि आप्पांनी हा शब्द फक्त मिसलींवरच ऐकलेला. बापानं गेल्या साली दोघा पोरांच्या नावावर शेत करून दिलेलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच साहेबाचा प्रश्न कळला म्हणून आप्पांचा चेहरा उजळला.

"जी हुजूर. पिछले साल. आधा मेरे नाम पर, आधा भाई के."

शेवटचं साहेबांना कळलं न्हाय, पण दुःखात माणूस काहीबाही बोलतो असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी डोळे मिटून दुवा पुटपुटली, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि न मागता चार दिवसांची रजा दिली. मी मिसलींत तोंड घालून बसलो. माझं चुकलं, तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण आप्पा बाहेर येऊन म्हणाले, "लई देवमाणूस. बापाचं नाव काढल्याबरुबर रजा दिली," आणि ते इतके खूश होते की मला बोलवेना.

दोन महिन्यांनी आप्पांचे वडील बसप्पा स्वतः कचेरीत आले. डोक्यावर शेंगांचं गाठोडं. पोराला रजा देणाऱ्या साहेबाला शेंगा द्यायला तामलवाडीहून आलेले.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"म्या रेवणप्पाचा बाप," म्हातारा म्हणाला.

साहेबांनी पान तसंच गालात धरलं. एकदा म्हाताऱ्याकडं बघितलं, एकदा आप्पांकडं. आप्पा हात जोडून म्हणाले, "बजा है हुजूर." मग मला बोलावून सगळा उलगडा झाला तेव्हा साहेब इतके हसले की रुमालानं डोळे पुसले. शेंगा ठेवून घेतल्या, म्हाताऱ्याला स्वतःच्या हातानं पान दिलं. पण म्हातारा गेल्यावर हसणं थांबलं. ते मला म्हणाले, आणि आवाज तसाच हळू, "आज हँसी की बात है. कल किसी गरीब का कागज ये इसी तरह समझेगा तो?" आणि आप्पांना सांगितलं की हा शेवटचा मौका. यंदा पास झालात तर मुस्तकिल, न्हाय तर नोकरी संपली. मला हुकूम, तुम्ही यांना शिकवा.

मला रागच आला. माझं काम मला थोडं होतं का? पण आप्पा संध्याकाळी पाटी घेऊन दारात उभे. म्हणाले, "फुकट न्हाय शिकनार. तुमाला मराठी वाचाया येत न्हाय, ते म्या शिकवतो." ते खरं होतं. बोलायला मी पक्का मराठी, पण बाळबोध अक्षर माझ्यासाठी किडामुंगी. मी म्हटलं, मला काय करायचंय मराठी वाचून? ते म्हणाले, "असू द्या, इद्या हाय."

म्हणून एका पाटीवर दोन शाळा. मी बुलबुल सोडून दिली. रजेचा अर्ज शिकवला, जो त्यांना एरवी मीच लिहून देत होतो. मैं कि रेवणप्पा वल्द बसप्पा, नक्कलनवीस, अर्ज करता हूँ कि घर की जरूरत की वजह से रुखसत चाहता हूँ, फलां तारीख को वापस हाजिर हूँगा. आप्पांनी तो पाठ केला. नुसता पाठ न्हाय, उजवीकडून लिहायलाही शिकले, अडखळत, भिंतीला हात लावत चालल्यासारखे. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ काय? मी सांगितलं, दस्त म्हणजे हात, गीर म्हणजे धरणारा. दस्तगीर, हात धरणारा. त्यांनी ते पाटीवर लिहून घेतलं आणि म्हणाले, "बेस नाव हाय. कामाचं."

इम्तिहान जिल्ह्याच्या गावी झाला. मी सोबत गेलो होतो, बाहेर चिंचेखाली बसलो. आप्पा बाहेर आले ते चेहरा नेहमीपेक्षाही उजळलेला.

"दस्तगीरभाई, जिंकलं. शेवटचा मोठा सवाल, त्यात वळखीचा शबूद निघाला. राजीनामा लिहा म्हणून."

"मग?"

"लिहिला की. तुमचा रजेचा अर्ज घेतला, त्यातलं 'वापस हाजिर हूँगा' तेवढं गाळलं, 'हमेशा के लिये' घातलं. झाला राजीनामा. नाव, बापाचं नाव, हुद्दा, सही, समदं."

उर्दूत राजीनामा म्हणजे दोन भांडणाऱ्यांनी राजीखुशीनं लिहून दिलेला समझोत्याचा कागद. परीक्षेत विचारलेला तो. नोकरी सोडण्याला आम्ही इस्तीफा म्हणतो. पण आप्पा सोलापुरात वाढलेले. तिथं मामांनी नोकरी सोडली तेव्हा सगळ्या गल्लीनं राजीनामा, राजीनामा म्हणून त्यांना हार घातले होते. आप्पांच्या लेखी राजीनाम्याचा दुसरा अर्थच नव्हता.

मला वाटलं, फार तर नापास होतील, आणि ते कळेपर्यंत चार दिवस तरी सुखाचे जाऊ देत. आप्पा तिथून थेट बाजारात गेले आणि जात्याला नवा लाकडी खुंटा घेऊन आले. वाटेत तो सारखा हातात फिरवून बघत होते.

पण मुमतहिनसाहेब निघाले कायद्याचे पक्के. त्यांनी त्या कागदाला गुणच दिले नाहीत. त्यावर एवढंच लिहिलं, की सदर इसमानं स्वतःच्या हस्ताक्षरात, सहीनिशी इस्तीफा दिलेला असल्यामुळं इम्तिहानाचा सवालच उरत नाही, कागद योग्य कारवाईसाठी रवाना. वरच्या कचेरीनं त्यावर हुकूम काढला, इस्तीफा मंजूर. आणि हुकूम आमच्याकडं आला तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. टपाल उघडणाऱ्यानं रिवाजाप्रमाणं तो नकलांच्या टोपलीत टाकला.

म्हणजे आप्पांच्याच पुढ्यात.

मी दुपारी तिथून जात होतो. आप्पा मान वाकवून लिहितायत, डावीकडून उजवीकडं, आपल्या खालच्या वाटंनं. ओंदु, एरडु, मूरु. दोन नकला वाळत ठेवलेल्या, तिसरी चाललेली. अक्षर असं की आजही डोळ्यापुढं आहे. मी सहज वाचलं. आपली नोकरी गेल्याचा हुकूम हा माणूस तिसऱ्यांदा, एकही नुक्ता न चुकवता, लिहीत होता.

"आप्पा," मी म्हटलं, "जरा थांबा. हे उजवीकडून वाचा."

"नक्कल करताना वाचत न्हाय. वाचलं की चुकतं."

"एवढं एकदा वाचा."

माझा आवाज ऐकून त्यांनी बोरू ठेवला. ओळीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं आणि पाटीवर वाचायचे तसे वाचायला लागले. मु-सम्मी रे-व-ण-प्पा. वल्द ब-स-प्पा. बोट थांबलं. परत मागं गेलं. मग पुढं सरकत सरकत शेवटपर्यंत आलं. उर्दूचा एवढा मोठा कागद त्यांनी स्वतःच्या स्वतः वाचला तो हा पहिलाच, आणि त्यातला शब्दन् शब्द त्यांना कळला. मी शिकवलेलं कामी आलं ते हे असं.

आप्पांनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "तुमच्यात राजीनामा म्हंजी काय?"

मी सांगितलं. त्यांनी मान डोलवली. तिसरी नक्कल अर्धी राहिली होती, ती पुरी केली, वाळवली, तिन्ही नीट लावून ठेवल्या. "काम अर्धं सोडू ने," म्हणाले. त्या आठवड्यात ते गावाला गेले न्हाईत. वहिनींचा प्रश्न त्यांना नको होता.

साहेब दौऱ्याहून आले. मी म्हटलं, आप्पा, मी बोलतो तुमच्यासाठी. ते म्हणाले, नको, नोकरी माझीय. आत गेले. मी दाराशी. साहेबांनी हुकूम वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "रेवणप्पा, आपने इस्तीफा दिया?"

"जी हुजूर, बजा है," हे तोंडातून निघालं सवयीनं. मग आप्पांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं. गळ्याशी हात नेला, चांदीच्या डबीतल्या लिंगाला स्पर्श केला आणि बोलायला लागले.

"न्हाय हुजूर. बजा नहीं है. मैं राजीनामा लिख्या. आपके मुलुख में राजीनामा बोले तो झगडा मिट्या. हमारे सोलापूर में राजीनामा बोले तो नोकरी मिटी. सवाल मैं मेरे कान से सुन्या, आपके कान से नहीं सुन्या. मेरा झगडा किसी से नहीं हुजूर. उर्दू से भी नहीं. छे साल से उसका हात पकड के बैठा हूँ, वोच मेरे घर को आती नहीं."

व्याकरण सगळं कुठल्या कुठं. पण सहा वर्षांत कचेरीत एवढं उर्दू त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांनी पानाचा डबा बाजूला सरकवला आणि समोरच्या तिवईकडं बोट दाखवून म्हणाले, "बैठिये. अब सही राजीनामा लिखिये. इसी वक्त, मेरे सामने."

"किसका झगडा लिखूँ हुजूर?"

"अपना. और उर्दू का."

आप्पा बसले. उजव्या टोकापासून सुरुवात केली. घामानं शेरवानीची पाठ ओली झाली, पण लिहिलं. पहिला फरीक, म्हणजे पक्ष, रेवणप्पा वल्द बसप्पा. दुसरा फरीक उर्दू. दोघांमध्ये सहा साल तंटा होता, आता राजीखुशीनं मिटला आहे. पहिला फरीक दुसऱ्याला समजून घेईल आणि दुसरा पहिल्याला घरी जाऊ देईल. पुढं कुणाची काही तक्रार राहणार नाही. इमल्याच्या चुका होत्या, पण अक्षर तेच, आणि ते पहिल्यांदाच वरच्या वाटंनं आलेलं.

साहेबांनी तो कागद जोडून स्वतः वर लिहिलं, की इम्तिहानातला जवाब हा इस्तीफा धरता येणार नाही, उमेदवारानं एका शब्दाचा आपल्या मुलखातला अर्थ घेतला, मात्र चुकीच्या सवालाचा जवाब शुद्ध लिहिला आहे, आणि बरोबर सवालाचा जवाब सोबत आहे. दीड महिना आम्ही टपालाकडं डोळे लावून बसलो. उत्तर एका ओळीचं आलं. इस्तीफा रद्द, इम्तिहान कामयाब. नकलांसाठी ते आप्पांच्या टोपलीत मी स्वतः टाकलं. त्यांनी आधी उजवीकडून वाचलं, मग डावीकडून नक्कल केली.

पुढच्या शनिवारी बैलगाडी आली. पुढं बसप्पा, मागं गंगव्वावहिनी, त्यांच्या पायाशी गोणपाटात जातं. आप्पा गाडीबरोबर चालत होते, एक हात जात्यावर ठेवून. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून जात्याची घरघर ऐकू आली आणि मला फार बरं वाटलं. त्या खोलीत सहा वर्षं नुसता भाकरी थापल्याचा आवाज होता.

मग काही वर्षांनी राज्यच बदललं. त्या दिवसांविषयी मी जास्त लिहीत न्हाय. आमच्यातली बरीच घरं रिकामी झाली, पुष्कळजण हैदराबादेला निघून गेले. कचेरीत मराठी आली. आणि हुकूम आला, मराठी न येणाऱ्या नोकरांनी मराठीची परीक्षा द्यायची. मला तोंडात मराठी होती, पण कागदावर पहिलीतल्या पोरासारखी. मन उडालं माझं. भाऊ हैदराबादेहून लिहीत होता, इकडं ये. एक दिवस मी आप्पांना म्हटलं, "मला मराठीत राजीनामा लिहून द्या. तुमच्या सोलापूरचा."

त्यांनी तीन दिवस लावले. चौथ्या दिवशी कागद पुढं ठेवला. मी सही करायला बोरू उचलला.

"आधी वाचा," आप्पा म्हणाले.

"तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असणार."

"वाचा. डावीकडून."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. रा-जी-ना-मा. पक्ष पहिला दस्तगीर, राहणार परंडा. पक्ष दुसरा मराठी. दोघे एका गल्लीत लहानाचे मोठे झाले. त्यांच्यात कधी तंटा नव्हता व आजही नाही. फक्त अक्षरओळख राहिली होती, ती रेवणप्पानं पाटीवर करून दिलेली आहे. सबब पहिल्या पक्षानं आपलं घर आणि आपली नोकरी सोडून कुठंही जाण्याचं कारण उरलेलं नाही.

अक्षरं पुढं पुढं अंधुक व्हायला लागली. मी म्हटलं, "आप्पा, हा सोलापूरचा न्हाय."

"तुमच्या मुलखातला हाय," ते म्हणाले. "तुमीच शिकवलाव."

मी सही केली, बाळबोधीत, आयुष्यात पहिल्यांदा. तो कागद कुठं गेला न्हाय, माझ्या पेटीत आहे. मी पण कुठं गेलो न्हाय. परीक्षा पास झालो आणि वर्षभरात माझी बदली माझ्याच परंड्याला झाली.

निघायच्या दिवशी आप्पा मोटारीपर्यंत आले. वहिनींनी त्यांच्या हाती दशम्या पाठवल्या होत्या. मी आत खिडकीशी बसलो. काचेवर बोटभर धूळ. आप्पांनी बाहेरून बोट उचललं आणि धुळीवर उर्दूत माझं नाव लिहायला लागले, अर्थात डावीकडून, शेवटच्या अक्षरापासून. मी आतल्या बाजूला, त्यामुळं मला त्यांचा हात उजवीकडून डावीकडं, उर्दूच्या वरच्या वाटंनं, चाललेला दिसला, आणि मला हसू आलं. 'गीर' लिहून झालं. 'दस्त' लिहायला बोट पुढं सरकवलं तेवढ्यात मोटार सुटली.

मी वळून बघितलं. दस्त म्हणजे हात. काचेवर लिहायचा राहिलेला तो हात आप्पांनी वर केला होता, आणि मोटार वळेपर्यंत तो तसाच वर होता.